सतारीचा उजवा हात: नखी, बोल आणि आवाजाची गोलाई

बारा वर्षांपूर्वी मी माझी सतार रिक्षात उभी धरून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले होते. तक्रार एकच होती, आवाज टोचतो. बाजाच्या तारेवर (ज्यावर मुख्य सूर वाजतात ती तार) जरा जोर दिला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी चरचर यायची आणि हळू वाजवलं की नुसता पोकळ टणत्कार. जवारी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या माथ्याची घासून आणलेली ठेवण, गेली असणार, असं मी धरूनच चालले होते. कारागिरांनी सतार मांडीवर घेतली, तर्जनीवर स्वतःची नखी (तार छेडायचं तारेचं मिजराब) चढवली आणि एकच ‘दा’ वाजवला. गोल, भरीव आवाज आला आणि तरफा (पडद्यांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या बारीक तारा) कितीतरी वेळ गुंजत राहिल्या. मग म्हणाले, “आता तुम्ही वाजवा, ताई.” मी वाजवलं. पुन्हा तीच चरचर. त्यांनी माझी तर्जनी धरली आणि नखीला हलकेच ढकललं. सैल अंगठी फिरावी तशी ती गर्रकन फिरली. “जवारीला एवढ्यात हात लावायचा नाही. आधी ही बदला, आणि मनगट मोकळं सोडा.”

त्यांनी माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाही. तोपर्यंत माझा सगळा रियाज डाव्या हाताचा होता: मींड (तार ओढून सूर सरकवणं), कण, पलटे, पडद्यावरचं बोट. उजवा हात आपोआप तयार होतो अशी माझी समजूत होती. तो तसा होत नाही. आता विद्यार्थी माझ्याकडे आले की मी पहिले दोन महिने त्यांचा उजवा हातच पाहते. त्यात जे शिकवते ते इथे क्रमाने लिहिते आहे. ज्यांना सतार धरून सहा महिने ते दोन-तीन वर्षं झाली आहेत, सरगम येते, एखादी गत (सतारीवरची तालबद्ध रचना) येते, पण आवाज मनासारखा येत नाही, त्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल.

आधी बैठक

उजवा हात मोकळा नसेल तर पुढचं काहीच जमणार नाही, आणि तो मोकळा राहतो की नाही हे बैठक ठरवते. डावा पाय खाली दुमडून उजवा पाय त्यावरून घ्यायचा. भोपळा डाव्या तळपायाच्या आधाराने टेकवायचा आणि उजव्या मांडीचा आधार दांडीच्या खालच्या भागाला द्यायचा. दांडी साधारण 45 अंशांत तिरकी राहते. उजव्या हाताचा कोपराजवळचा भाग भोपळ्यावर ठेवायचा. त्याच्या वजनाने सतार जागेवर राहते, दाबावं लागत नाही.

खात्री करायला डावा हात दांडीवरून पूर्ण काढून घ्या आणि दहापर्यंत मोजा. सतार हलली, घसरली किंवा ती सावरायला उजवा खांदा वर आला, तर बैठक चुकली आहे. निसरड्या कपड्यावर भोपळा सरकतो, म्हणून मी मांडीवर रबरी जाळीचा एक तुकडा ठेवते. स्वयंपाकघराच्या कप्प्यात अंथरतात तसलाच. दहा-वीस रुपयांच्या त्या तुकड्याने कितीतरी जणांचा खांदा खाली आलेला मी पाहिला आहे.

नखी

मिजराबला आपण मराठीत नखी म्हणतो आणि तेच नाव मला जास्त पटतं, कारण ती बोटाचं नखच व्हायला हवी. तर्जनीच्या टोकाच्या पेरावर ती इतकी घट्ट बसली पाहिजे की दुसऱ्या हाताने ढकलली तरी फिरू नये. नखीखालचं मांस थोडं फुगलेलं दिसेल आणि अर्ध्या तासाने काढल्यावर वळ दिसेल, ते ठीक आहे. बोट निळसर पडलं किंवा बधिर झालं तर ती फार घट्ट आहे. नवीन नखी सैल वाटली तर बारीक पकडीने तिची वेटोळी थोडीथोडी दाबायची. दर वेळी घालून बघायची, एकदम जोर लावायचा नाही.

बोटाच्या टोकापुढे नखीचं टोक साधारण तांदळाच्या दाण्याएवढं यावं. जास्त बाहेर आलं तर ते तारेत अडकतं आणि प्रत्येक आघाताआधी एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो. फार आत राहिलं तर बोटाचं मांस तारेला लागून आवाज दबतो. हे माप प्रत्येकाच्या बोटाप्रमाणे थोडं बदलतं, म्हणून दोन-तीन आकारांच्या नख्या घेऊन आठवडाभर आलटून-पालटून वाजवून बघा.

जाड तारेच्या नखीने आवाज वजनदार येतो, आलापीला ती छान. पातळ नखी चपळ असते, द्रुत गतीत हात हलका राहतो, पण नवशिक्याच्या हातात तिचा आवाज लवकर किरटा होतो. मी सुरुवातीला मध्यम जाडीचीच सुचवते. वापरून वापरून टोकावर तार घासते आणि तिथे सपाट जागा किंवा बारीक खाच पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण जिभेवर अलगद टेकवली की लगेच कळते. खूप बारीक पॉलिश पेपरवर टोक गोल घासून घ्यायचं, नाहीतर नखी बदलायची. तारेला जिथे नखी लागते ती जागा आरशासारखी गुळगुळीत असली पाहिजे. बाजाची तार जेमतेम 0.3 मिलिमीटर जाडीची पोलादी तार असते. तिच्यावर खरखरीत धातू घासला तर तो खरखरीतपणा सुरात ऐकू येणारच.

अंगठा

शेवटच्या पडद्याजवळ, दांडीच्या वरच्या कडेला उजवा अंगठा टेकतो आणि तिथेच राहतो. तो फक्त स्पर्शाने टेकायचा, चिमटा काढल्यासारखा दाबायचा नाही. अंगठा दाबला की मनगट आवळतं, मनगट आवळलं की तर्जनी काठीसारखी ताठ होते. अंगठ्याचं नख पांढरं पडलंय का, हे वाजवताना अधूनमधून बघा. पांढरं दिसलं की थांबायचं, हात झटकायचा आणि पुन्हा ठेवायचा.

अंगठ्याची जागा एकदा ठरली की नखी तारेवर रोज त्याच ठिकाणी पडते. त्याचं महत्त्व पटवून घ्यायला हा प्रयोग करा: अंगठा मोकळा सोडून बाजाची तार आधी शेवटच्या पडद्यालगत छेडा, मग तीन बोटं घोडीकडे सरकून, मग आणखी तीन बोटं सरकून, मग घोडीच्या अगदी जवळ. पडद्यालगत आवाज मऊ आणि थोडा धूसर येतो, घोडीजवळ धारदार आणि बारीक. मधे कुठेतरी एक पट्टा सापडतो जिथे आवाज भरीव असतो आणि आसही, म्हणजे सूर टिकून राहणंही, लांब असते. प्रत्येक सतारीत तो थोडा वेगळा असतो. तुमचा पट्टा कानाने शोधा आणि त्याप्रमाणे अंगठ्याची जागा पक्की करा. एक बोटभर इकडेतिकडे झालं तरी फरक ऐकू येतो.

पहिला ‘दा’

आता खरं काम. सतारीवर ‘दा’ म्हणजे आतला आघात, तर्जनी तळव्याकडे येते. ‘रा’ म्हणजे बाहेरचा. सरोद वाजवणाऱ्यांकडे दिशा उलटी असते, म्हणून त्यांचं पाहून गोंधळू नका.

एका आघाताचे चार टप्पे करून वाजवा, अगदी सावकाश. पहिल्यांदा नखी तारेवर टेकवा, आवाज न होऊ देता. दुसऱ्यांदा तार किंचित, केसभर, आत ढकला. तुम्हाला तारेचा ताण बोटात जाणवेल. तिसऱ्यांदा सोडा. चौथ्यांदा बोट लगेच सैल करून थांबवा. नखी पुढच्या जोडीच्या तारेला लागण्याआधी थांबली पाहिजे. बाजाची तार सगळ्यात खालच्या बाजूला आणि तिच्या वर लगेच जोडीची तार, त्यामुळे ‘दा’ करताना हात पुढे वाहवला की जोड वाजतेच. आलापीत आपण ती मुद्दाम वाजवतो. नकळत वाजली तर सगळा सूर गढूळ होतो.

नखी दुरून येऊन तारेवर आपटली तर आधी धातूचा आवाज येतो आणि मग सूर. टेकवून, ताण घेऊन सोडली तर नुसता सूर येतो. वेग वाढला की टेकवणं आणि सोडणं एका क्षणात होतं, पण हाताला ती सवय लागलेली राहते. आमच्या बाई म्हणायच्या, “अगं, तारेला मारू नकोस, तिला सोड.” हे मला कळायला फार वर्षं लागली, म्हणून मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी चार टप्पे करून दाखवते.

आणखी एक गोष्ट. नखीची चाल तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाला, समांतर हवी. तार वर उचलली गेली तर ती परत खाली येताना पडद्यांवर आपटते आणि झणझण होते. तार तबलीच्या दिशेने दाबली गेली तर आवाज कोंदतो. मोबाइल शेजारी टेकवून बाजूने हाताचं चित्रीकरण करा. तर्जनी आकडा घालून तार वर ओढते आहे की सरळ जाते आहे, ते लगेच दिसेल.

जोर किती द्यायचा? एकदा मुद्दाम फार जोरात वाजवून बघा. पातळ तार जास्त ताणली जाते आणि सुरुवातीला सूर चढा लागतो, मग खाली येऊन स्थिरावतो. सतार बेसूर लागल्यासारखी वाटते, ती बऱ्याचदा यामुळे. जिथे सूर डळमळायला लागतो, त्याच्या थोडं अलीकडे तुमच्या जोराची कमाल मर्यादा आहे.

पहिला आठवडा फक्त हेच करा. डावा हात मांडीवर, मोकळी बाजाची तार, मिनिटाला 40 आघात, रोज 10 मिनिटं. प्रत्येक सूर विझत जाईपर्यंत ऐका.

‘रा’ आणि दोघांची बरोबरी

‘रा’ जवळजवळ प्रत्येकाचा कमजोर असतो. आतल्या बाजूला बोट मुडपणं निसर्गतः सोपं, बाहेर फेकणं अवघड. बरेच जण ती कमी भरून काढायला ‘रा’ मनगटाने झटकतात, आणि मग तो पातळ आणि कर्कश येतो. ‘रा’लाही तेच चार टप्पे लावा: टेकवा, ढकला, सोडा, थांबवा. बोट जेवढं आत जातं तेवढंच बाहेर यावं.

परीक्षा अशी घ्या. ‘दा रा दा रा’ एक मिनिटभर एकाच लयीत वाजवून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. तासाभराने डोळे मिटून ऐका. कुठला ‘दा’ आणि कुठला ‘रा’ हे ओळखू येत असेल, तर बरोबरी झालेली नाही. मग उलटं करा: ‘रा’पासून सुरू करून तो समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) ठेवा. ‘रा दा रा दा’. हात अडखळेल, चिडचिड होईल, पण तीन आठवड्यांत फरक पडतो. मी स्वतः आजही रोजचा रियाज ‘रा’पासूनच सुरू करते.

दिर, आणि मसीतखानी गत

एका मात्रेत ‘दा’ आणि ‘रा’ दोन्ही आले की त्याला ‘दिर’ म्हणतात. इथे नवशिके वेगासाठी जोर वाढवतात. उलट करायचं. वेग दुप्पट झाला की हाताची चाल अर्धी झाली पाहिजे. नखी तारेच्या दोन्ही बाजूंना ज्वारीच्या दाण्याएवढीच हलावी.

उजव्या हातासाठी मसीतखानी गतीइतका (संथ लयीतली, ठरलेल्या बोलांची गत) चांगला पाठ मला दुसरा माहीत नाही. तिचे बोल ठरलेले आहेत:

दिर दा दिर दा रा दा दा रा, दिर दा दिर दा रा दा दा रा

तीनतालाच्या 16 मात्रांत हे आठ-आठचे दोन तुकडे बसतात. गत बाराव्या मात्रेपासून उठते, म्हणून पहिले पाच बोल संपले की सहावा बोल, म्हणजे ‘दा’, समेवर येतो. या रचनेत ‘दा दा’ लागोपाठ आहेत. पहिल्या ‘दा’नंतर नखी तारेच्या आतल्या बाजूला असते. दुसऱ्या ‘दा’साठी तिला आवाज न करता तारेवरून परत बाहेर यावं लागतं. हा मुका परतीचा प्रवास ज्याला जमला, त्याचं मनगट मोकळं झालं असं समजा. घाईघाईत परत येताना नखी तारेला निसटती लागते आणि एक बारीक ‘क्रिट्’ ऐकू येतो. तो ऐकू आला की लय निम्मी करा.

डाव्या हाताने कुठलाही सूर न धरता, नुसत्या मोकळ्या तारेवर ही बोलपंक्ती तबल्याच्या ठेक्याबरोबर वाजवा. ठेका देणारं अ‍ॅप चालेल. मिनिटाला 50 मात्रांपासून सुरू करा. आठवड्याला चार-पाच मात्रांपेक्षा जास्त वेग वाढवू नका.

चिकारी

चिकारीच्या दोन तारा सगळ्यात वरच्या बाजूला, वादकाच्या तोंडाकडे असतात. त्यांच्यावर बाहेरचा आघात होतो, म्हणजे ‘रा’. अंगठा हलवायचा नाही. मनगट थोडं उचलून नखी वर न्यायची, चिकारीवरून बाहेर सोडायची आणि खालच्या तारेला लागण्याआधी थांबवायची.

चिकारी बाजापेक्षा मोठी वाजणं हा मी ऐकलेला सगळ्यात सर्रास दोष आहे, अगदी चांगल्या हातांमध्येही. पोलादी तारा उंच सुरात असतात, त्यामुळे त्या आपोआप कानात शिरतात. त्यांना हलकं ठेवण्यासाठी मुद्दाम प्रयत्न करावा लागतो. एक ‘दा’ बाजावर पूर्ण ताकदीने, मग चिकारीचा ‘रा’ त्याच्या निम्म्या ताकदीने, असं आलटून-पालटून पाच मिनिटं वाजवा. बाजाच्या सुराची आस चिकारीखाली झाकली जाऊ नये.

झाल्याचा, म्हणजे बाज आणि चिकारी आलटून-पालटून वाजवायच्या जलद भागाचा, मूळ नमुना आहे ‘दा रा रा रा’: ‘दा’ बाजावर, तिन्ही ‘रा’ चिकारीवर. इथेही मुका परतीचा प्रवास आहे, या वेळी चिकारीवर, दोनदा. चार-चारचा नमुना मिनिटाला 60 मात्रांवर स्थिर झाला की आठ आघात 3, 3, 2 असे तोडा: ‘दा रा रा, दा रा रा, दा रा’. दर ‘दा’ उठून दिसला पाहिजे आणि बाकीचे आघात आपापसांत सारखे. इथे पहिल्या पाच मिनिटांत कोपराखालचा स्नायू भरून आला तर तो थकवा आहे, विश्रांती घेऊन चालू ठेवा. मनगटात कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्या दिवशी थांबायचं. ओढून वाजवलेल्या झाल्याने महिना-महिना हात बाद झालेले विद्यार्थी माझ्याकडे आले आहेत.

एका आघातात किती सूर

उजव्या हाताची तयारी कशासाठी, हे दोन मोठ्या वादकांच्या हातांकडे पाहून कळतं. उस्ताद विलायत खाँ यांच्या गायकी अंगात एका आघातावर मींडेने गळ्यासारखी सुरांची लांब ओळ निघते. तो पहिला आघात भरीव नसेल, त्याची आस पुरेशी नसेल, तर मींड अर्ध्यावर विझते. पंडित रविशंकर यांच्या सतारीत खर्जाच्या (खालच्या सप्तकाच्या) तारा आहेत, त्यांच्या आलाप-जोडात जाड तारेवरचा संथ, खोल आघात वेगळ्याच तऱ्हेने तोलावा लागतो. मुंबईत राहिलेले उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या जाफरखानी बाजात डाव्या हाताचं कृंतन-जमजमा (त्याच हाताच्या बोटांनी तार ओढून-ठोकून काढलेले सूर) ठळक, तरी तिथेही उजव्या हाताचा नेमका आघात आधी लागतो. तुम्ही कुठल्याही घराण्याचं शिकत असाल, गुरूंनी दाखवलेली मनगटाची ठेवण इथल्या वर्णनापेक्षा वेगळी असेल तर गुरूंचंच ऐका. आवाजाची परीक्षा मात्र कुठेही सारखीच.

हात की जवारी?

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये कोलकात्यात वीणा आणि तंबोऱ्याच्या घोडीवर लिहिलं. नेहमीच्या वाद्यात तार ज्या बिंदूवर छेडावी, तो ज्या उपसुराचा स्थिर बिंदू असेल तो उपसूर ऐकू येत नाही. रुंद, किंचित वक्र घोडीवर तार कंपताना सतत घासत-सुटत राहते, त्यामुळे तो हरवलेला उपसूरही तिथे ठणठणीत वाजतो. सतारीची घोडी त्याच जातीची आहे. माझा अनुभव असा, की हीच घोडी हाताचे दोषही मोठे करून ऐकवते: नखीची खरखर, तिरका आघात, जास्तीचा जोर. म्हणून हाताचा दोष जवारीचा वाटतो. मलाही तसाच वाटला होता.

दोष कुठे आहे ते ओळखायला मी हे करते. नखी काढून तर्जनीच्या मांसाने बाजाची तार छेडायची. आवाज मऊ येईलच, पण तो स्वच्छ आणि लांब असेल तर जवारी ठीक आहे, दोष नखीचा किंवा हाताचा. मांसाने छेडूनही किरकिर येत असेल किंवा सूर लगेच मरत असेल तर आधी तार बदला. गंजलेल्या, दबलेल्या तारेने जवारीवर उगीच आळ येतो. नवी तार लावूनही तेच असेल, तर घोडीवर तारेखाली बघा. चमकणारी बारीक रेघ खोल गेलेली दिसली की जवारी काढून घ्यायची, म्हणजे घोडी पुन्हा घासून घ्यायची, वेळ झाली.

ती घरी स्वतः घासू नका. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून शिकलगार घराण्यांनी पिढ्यानपिढ्या केलं आहे. इथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जवळपास असाल तर तिथे जा, नाहीतर तुमच्या गावातल्या जाणत्या कारागिराकडे. सतार पाठवून देऊ नका, स्वतः घेऊन जा आणि स्वतःची रोजची नखी बरोबर न्या. कारागिरासमोर आलापाच्या चार ओळी, थोडा दिर आणि अर्धा मिनिट झाला वाजवा, आणि सांगा: आवाज खुला (झणझणीत) हवा, बंद (आवरलेला) हवा की मधला. जोरकस हाताला आणि हलक्या हाताला जवारी वेगळी लावावी लागते, ते तो तुमच्या उजव्या हाताकडे बघून ठरवतो. पहिल्यांदा घासून झाल्यावर तिथेच बसून पंधरा मिनिटं वाजवा, आणि कुठे खुपलं तर सतार उचलण्याआधी सांगा.